नांदायला गेलेल्या फायली

मुरुडला खिडकीची काच सकाळी पुसली, तरी संध्याकाळपर्यंत तिच्यावर खारा थर चढतोच. आमच्या ऑफिसातल्या किश्शांचं तसंच आहे. एक सांगून हात झटकावेत, तोवर दुसरा येऊन बसलेला असतो. लोक म्हणतात, गजाभाऊ, तुम्ही तिखटमीठ लावता. मी कशाला लावू? मीठ इथल्या हवेतच आहे. तिखट तेवढं माझं!

आमचं ऑफिस घरांचे प्लान काढायचं. खाली लॉज, वर आम्ही. मी तिथला प्रिंटवाला. सातवीला दोनदा बसलो. तिसऱ्यांदा बसायला गेलो तर मास्तर म्हणाले, आता ऊठ आणि घरी जा. तेव्हापासून उभाच आहे. आधी नकाशे छापायच्या अमोनियाच्या मशीनपाशी, आता प्लॉटरपाशी. अमोनियानं नाक गेलं, त्यामुळे खालच्या लॉजमधलं जेवण मला आवडतं.

बाकी मंडळी तीन. वर्तक सर आर्किटेक्ट. राहतात मुंबईत, भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवसला उतरतात आणि पुढचा सगळा रस्ता शिव्या घालत येतात. मोकल इंजिनियर बसतात माणगावला. घर उभं राहील की बसेल ते हे ठरवतात. आणि दोघांच्या मधे आमची शबाना, ड्राफ्ट्समन. तिला ड्राफ्ट्सवुमन म्हणायचं असतं म्हणे. ती म्हणते, काकांना जे सोपं जाईल ते म्हणू द्या, त्यांची सातवी व्हायचीय अजून.

गंमत अशी, की तिघांचे प्रोग्रॅम तीन. सरांचा एकदम नवा; घर असं गरागरा फिरवून दाखवतो की बघणाऱ्याला बोट लागते. मोकलांचा इतका जुना की ज्यांनी तो बनवला त्यांनीसुद्धा त्याचं तेरावं उरकलं असेल. शबानाचा मधला. सरांची फाइल शबानाकडे येते, ती सारखीसुरखी करते आणि मोकलांना चालेल अशी करून माणगावला धाडते. मोकल तिच्यात खांब आणि बीम घालतात, परत पाठवतात, आणि ती मी छापतो. साइटवर जातो तो मोकलांकडून आलेला कागद. मिस्त्री बांधतो तो त्याच्यावरून.

आता मुलगी नांदायला गेली की चार गोष्टी माहेरीच विसरतात, आणि जे बाहेर पडायला नको ते सासरी गेल्यावर बाहेर पडतं. फायलीचं अगदी तसंच. काय विसरलं आणि काय बाहेर पडलं, हे कळेपर्यंत स्लॅब पडलेला असतो.

*

पहिला किस्सा हसण्याचा घ्या. पुढे फारसे नाहीत.

सरांचा प्रोग्रॅम मिलिमीटरमध्ये मोजतो, मोकलांचा इंचात. एका मुंबईच्या पाहुण्याचा बंगला होता. फाइल माणगावला गेली, मिलिमीटरचे झाले इंच, आणि बंगला फुगला. मोकलांचा सरांना फोन आला. आवाज गंभीर.

"सर, एवढ्या संडासाला मधे खांब द्यावा लागंल."

सरांना वाटलं मोकल सकाळीच घेऊन बसलेत. म्हणाले, संडासात कसला खांब?

"संडास कसला, मैदान हाय ते. आणि भिंती बघितल्यात काय? समोर समुद्रात एक किल्ला हाय, तो पुरला नाय काय तुम्हाला?"

सरांनी ते मनाला लावून घेतलं. मी त्या संडासाची मोठी प्रिंट काढली, खाली लिहिलं 'लग्नकार्यासाठी हॉल भाड्याने मिळेल' आणि लॉजच्या दारावर चिकटवली. दोन घरची माणसं जेवणाचा भाव विचारून गेली!

*

आता शबानाच्या घराची फाइल. ती पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून नीट सांगतो.

तिचे वडील इस्माईलभाई. माझ्याच वयाचे, माझ्यासारखेच टवाळ. अख्खा जन्म जहाजावर खानसामा म्हणून गेला. जगातले सगळे समुद्र बघून मुरुडला परत आले आणि अर्धं अंग गेलं. जुन्या घरात त्यांची मागची खोली, तिची एकुलती एक खिडकी उघडायची शेजाऱ्याच्या भिंतीवर. भिंतीपलीकडे समुद्र. ऐकू यायचा, दिसायचा नाही.

"गजानन," ते म्हणायचे, "बायको माडीवर भांडी आपटतेय आणि तोंड दाखवत नाही, असं झालंय."

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा रफिक आखातात. घरात बाप आणि लेक. लेकीनं ठरवलं, किनाऱ्याच्या अंगाला आपली जागा आहे, तिथे घर बांधायचं आणि अब्बांना समुद्रासमोर बसवायचं. बाकी त्या घराचा काही हेतूच नव्हता.

सरांनी प्लान काढून दिला. समुद्राकडे पडवी. एका बाजूनं पायऱ्या आणि दुसऱ्या बाजूनं चाकाची खुर्ची चढेल असा उतार. पडवीत एक मोठा गोल. तो गोल म्हणजे खुर्ची पूर्ण वळवायला लागणारी जागा. कागदावर तशी दाखवायची रीत आहे. आणि त्या गोलात शबानानं वडलांना बसवलं. खरंच! गोल टोपी, दाढी, हातात कप, तोंड समुद्राकडे.

उतार, गोल आणि बाप, तिन्ही तिनं एका लेअरवर ठेवले. लेअर म्हणजे काचेवर काच ठेवावी तसं. एका काचेवर भिंती, एकीवर दारं. हवी ती दाखवा, नको ती बंद करा. त्या लेअरचं नाव तिनं ठेवलं होतं 'अब्बा'.

नवी प्रिंट निघाली की मी इस्माईलभाईंना दाखवायला न्यायचो. ते स्वतःलाच शोधायचे आणि नावं ठेवायचे. बारीक काढलंय, कप रिकामा दिसतोय, लेकीला सांग दाढीला कात्री लाव.

एकदा मोकलांकडून फाइल परत आली आणि तिच्यात घरच नाही. जमीन आहे, रस्ता आहे, माड आहेत, घर गायब. शबाना शोधून थकली. शेवटी सापडलं, पार किल्ल्याच्याही पलीकडे, भर समुद्रात! सरांचा प्रोग्रॅम एका कोपऱ्यापासून मोजतो, मोकलांचा भलत्याच. त्या भानगडीत घर उठून चालायला लागलं होतं.

मी तीच प्रिंट काढली आणि इस्माईलभाईंपुढे धरली. ते असे हसले की चहा वाकड्या ओठातून गळ्यावर आला. पुसायला हात जाईना. मी पुसला.

"हेच पास करून आण," ते म्हणाले. "आता दुरुस्त करू नका. तुमच्या दुरुस्तीतच मी संपेन."

*

फाइल फिरत राहिली. इकडून जाताना दारं गळायची, तिकडून येताना खांब सरकायचे. तोवर दुसरी कामं चालूच.

रेवसच्या बाजूला एक भागीबाई म्हणून आहे. मिठागर गेलं, पोरांनी ट्रक घेतले, आणि तिघे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. एका घराची तीन घरं करायची, तीन दारं पाडायची, असा तो प्लान. शबानानं प्रत्येक खोलीवर मराठीत लिहिलं, कोणती खोली कोणाची. मोकलांच्या प्रोग्रॅमला मराठी पचत नाही. जिथे जिथे नाव, तिथे तिथे त्यानं प्रश्नचिन्हं टाकली.

मी छापतो, बघत नाही. बघायचं काम शिकलेल्यांचं. गुंडाळी घेऊन गेलो आणि भागीबाईसमोर पसरली.

थोरल्याच्या खोलीवर प्रश्नचिन्हं. मधल्याच्या, धाकट्याच्या, तशीच. देवघरावर. पार मोरीवरसुद्धा. म्हातारीनं एकेकावर बोट ठेवलं. मी म्हटलं, चूक झाली, आमच्या मॅडम नीट करून देतील.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "बराबर हाय. कोनाचं काय, ते त्या पोरांना तरी कुठं ठावं हाय?"

आणि एक खोली तिनं बोटानं हुडकली, हुडकली, मग मला विचारलं, "यात माजी कंची?"

मी कागद उलटसुलट केला. तिच्या वाट्याला खोलीच काढलेली नव्हती. ते मात्र प्रोग्रॅमनं गाळलेलं नव्हतं.

*

जिन्याचा किस्सा सगळ्या तालुक्याला माहीत आहे, पण लोक तो अर्धाच सांगतात.

सरांच्या प्रोग्रॅममध्ये जिना म्हणजे नुसत्या रेघा नसतात, ती अख्खी एक वस्तू असते. मोकलांचा प्रोग्रॅम त्या वस्तूला ओळखत नाही. ओळख नाही म्हणून दाखवतही नाही. माणगावजवळ एक दुमजली घर होतं. कागद साइटवर गेला आणि दगडू मिस्त्रीनं सलग स्लॅब टाकला. वर जायला भोक नाही.

सर आले. वर बघितलं, खाली बघितलं. जिना कुठे आहे म्हणून विचारलं. दगडूनं कागद पुढे केला.

"दाखवा."

लोक इथे हसतात आणि थांबतात.

दगडू असा का, ते सांगतो. पूर्वी तो डोकं लावायचा. एका घरात स्वैपाकघराला खिडकीच दाखवली नव्हती, तर यानं बाईला उजेड हवा म्हणून आपल्या मनानं ठेवली. सर तेव्हा नवीन होते, तापट होते. त्यांनी त्याच्याच माणसांसमोर त्याला विटा उचलायला लावल्या आणि ती खिडकी त्याच्याच हातानं बुजवून घेतली. म्हणाले, तुला विचार करायला ठेवलेलं नाही. त्या घरातली बाई अजून भर दुपारी दिवा लावून भाकऱ्या थापते. आणि दगडू तेव्हापासून कागदावर असेल तेच बांधतो. कागदावर म्हैस असेल तर म्हैस बांधेल.

आणि जिन्याचं पुढे काय, तर स्लॅब फोडावा लागला. फोडताना दगडूचा चुलतभाऊ खाली आला, पाठीवर. आता तो त्याच घराच्या फाटकाशी खुर्चीत बसून असतो. मालकानं ठेवून घेतलाय. जिना छान झालाय, तो चढून बघायला काही त्याला जमलेलं नाही.

*

मोकलांना मी एकदा पटवलं होतं, की मुरुडची हवा खारी, त्यामुळे आमच्या पेनड्राइव्हमधल्या फायलींना ओल धरते आणि म्हणून त्या तुमच्याकडे बिघडून पोचतात. अगदी हळू आवाजात सांगितलं, शिकलेल्या माणसाला हळू आवाज खरा वाटतो. मोबाइल भिजला की तांदळात ठेवतात ना, तसा पेनड्राइव्ह आल्या आल्या तांदळात ठेवत जा.

इंजिनियर माणूस, पदवी भिंतीवर टांगलेली. घरी नेऊन तांदळाच्या डब्यात खुपसायचे! कित्येक दिवस चाललं. एक दिवस वहिनींनी घाईत तांदूळ काढले, धुतले आणि कुकर लावला.

मोकल ऑफिसात येऊन बसले. पुढ्यात ती शिजलेली वस्तू. शबानानं तोंडाला ओढणी लावली.

"आजवर मी म्हणायचो तुमची फाइल खराब आली," मोकल म्हणाले. "ही आमच्याकडं झाली."

आणि मग माझ्याकडे असं बघितलं की मी प्लॉटरची शाई तपासायला गेलो.

*

वर्तक सरांना एक खोड होती. फायलीत एक लेअर ठेवायचा आणि त्याच्यावर मनात येईल ते लिहायचं. मग तो बंद करायचा. बंद केला की दिसत नाही, छापला जात नाही. सरांच्या प्रोग्रॅममध्ये.

मोकलांच्या म्हाताऱ्या प्रोग्रॅमला बंद म्हणजे काय तेच कळत नाही. बंद केलेला लेअर त्याच्याकडे गेला की सताड उघडा. लाज म्हणून नाही.

नांदगावच्या बाजूला नारळीपोफळीची वाडी असलेले एक निवृत्त मामलेदार होते. त्यांच्या घराची फाइल माणगावला जाऊन आली, मी छापली, बघितली नाही. साइटवर मामलेदारांनी चष्मा लावला आणि दिवाणखान्याच्या मधोमध सरांच्या हातचं वाचलं. 'मालकाला काही कळत नाही. हो हो म्हणायचं आणि आपल्याला हवं ते करायचं.'

सर शेजारीच उभे. मामलेदारांनी चष्मा काढून डबीत ठेवला.

"वर्तक, माझंही तुमच्याविषयी हेच मत आहे. मी ते लिहून ठेवत नाही, एवढंच."

सर ऑफिसात आले ते शबानावर घसरले. मी लेअर बंद केला होता, तू उघडलास कशाला. शबाना शांतपणे उठली, दोन्ही फायली शेजारी शेजारी लावून दाखवल्या.

"सर, बंद करून भागत नाही," ती म्हणाली. "मोकलसरांकडे जाणार असेल तर पुसावं लागतं."

हे आधी सांगायचं, असं सर पुटपुटले. ती म्हणाली, आता सांगितलं ना, आता कोणी विसरायचं नाही.

सर पुन्हा विसरले नाहीत. त्या दिवसापासून काहीही माणगावला जायचं असेल तर आधी पुसणार, मग शबानाला विचारणार, पुसलं का, पुसलं का. लाँचमध्ये बसल्यावर फोन करून पुन्हा. आम्ही त्यांना डस्टर म्हणायला लागलो. पाठीमागे अर्थातच.

*

इस्माईलभाईंचं घर अखेर पास झालं. जोतं झालं, खांब उभे राहिले, वरचा स्लॅबही पडला. पडवी व्हायची होती, तेवढ्यात पाऊस लागला. दगडू भातलावणीला गावी गेला.

आणि इस्माईलभाई गेले. दुपारी जेवले, शबाना ऑफिसात होती, शेजारणीनं फोन केला. मी तिला मागे बसवून स्कूटरवरून नेली. वाटेत ती एकदाच बोलली. काका, हळू चालवा, आता घाई नाही.

आमच्याकडे कब्रस्तानचा रस्ता किनाऱ्यावरून आहे. भरती होती, पाऊस थांबलेला. जनाजा समुद्राच्या अगदी शेजारून गेला. मी खांदा दिला. चेहरा झाकलेला होता.

पाऊस ओसरल्यावर दगडू परत आला. त्याला हे कोणी सांगितलं नाही. मिस्त्रीला कोण सांगायला जातं? आणि तोही विचारत नाही. कागद द्या म्हणाला.

त्याच सुमारास रफिकचा आखातातून फोन. शबानानं तो स्पीकरवर टाकला होता, आम्ही सगळ्यांनी ऐकला. आता उतार कोणासाठी? तो गोल कशाला? तेवढी जागा सपाट सोड, टेबलं टाकू, पर्यटक येतील, समुद्र बघत जेवतील. घर कामाला तरी येईल. आपा, अब्बांचं ते सगळं काढून टाक.

चुकीचं काहीच बोलला नाही. तेच वाईट होतं. रफिक बापाच्या मातीलाही पोचू शकला नव्हता, सुट्टी मिळाली नव्हती. त्याला ते चित्र डोळ्यांपुढे नकोच असेल. शबाना हो म्हणाली.

सर त्या दिवशी आलेले होते. माणूस तापट असला तरी आतून बरा. म्हणाले, मी करू का? तुला नको ते.

"नको सर. मीच करते."

मी तिच्या मागे उभा होतो. पडद्यावरून उतार गेला, गोल गेला, हातातल्या कपासकट इस्माईलभाई गेले. पडवी मोकळी. तिनं त्याची पीडीएफ काढून भावाला पाठवली. त्यानं लगेच अंगठा पाठवला.

मग तिनं फाइल मोकलांना पाठवली. सरांनी त्या दिवशी तिला काही विचारलं नाही. अशा वेळी कुठे विचारायचं?

मोकलांकडून ती परत आली, मी प्रिंट काढली. मी छापतो, बघत नाही, हे तुम्हाला सांगितलंच आहे. त्या दिवशी बघितली. मग गुंडाळी केली, रबर लावला आणि दगडूच्या हातात दिली.

*

आता शेवटचा.

घर पुरं झालं आणि रफिक सुट्टी घेऊन आला. दुपारी मौलवींनी दुआ केली, शरबत फिरलं. मोकल माणगावहून सहकुटुंब आलेले. वहिनी माझ्याशी अजून बोलत नाहीत. वर्तक सर नव्या चपला घालून आले होते आणि वाळू झटकत होते.

रफिक मागच्या दारानं घरात आला होता. सगळ्या खोल्या बघून झाल्या, तोंडभर हसला, आणि मग पडवीत गेला. आम्ही मागोमाग.

समुद्र समोर पसरलेला, वर नुसतं ऊन. पडवीच्या एका अंगाला पायऱ्या. दुसऱ्या अंगाला लांबलचक, हलका उतार, घोटून गुळगुळीत केलेला. आणि पडवीच्या मधोमध एक मोठा गोल. बाकी सगळी फरशी पांढरी आणि तेवढा गोल लाल. दगडूनं लाल फरशी एकेक कापून, घासून अशी बसवली होती, की कुठे नख शिरणार नाही. कागदावर गोल होता म्हणून गोल.

रफिक गोलाच्या काठावर थांबला. आत पाय टाकला नाही.

हे कोणी केलं, म्हणून त्यानं विचारलं. मोठ्यानं नाही. दगडू कोपऱ्यात शरबत पीत होता, तो पुढे आला. नवा सदरा घातला होता त्यानं. खिशातून त्यानं घडी घातलेली प्रिंट काढली. सिमेंटनं माखलेली, घड्यांवर फाटलेली. ती त्यानं रफिकच्या पुढ्यात उलगडली आणि बोट ठेवलं.

"ह्ये काय, बसल्यात. त्यांच्यासाठी क्येलंय."

टोपी, दाढी, हातात कप, तोंड समुद्राकडे.

मोकलांनी हातातलं शरबत खाली ठेवलं. दगडूला वाटलं, काम पसंत पडलेलं दिसत नाही. त्यानं विचारलं,

"बाबा कवा येनार हायेत ऱ्हायला?"

रफिकनं प्रिंट हातात घेतली. बापाला त्यानं शेवटचं कधी पाहिलं होतं कोण जाणे. कागदावरच्या कपावरून त्यानं बोट फिरवलं. मग त्यानं मान वर करून बहिणीकडे पाहिलं.

"आपा, हे तू काढून टाकलं होतंस ना? मी स्वतः बघितलं होतं. नव्हतं त्यात."

शबाना दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. हातात शरबताचा ट्रे.

"हो," ती म्हणाली. "बंद केलं होतं मी."

माझ्या शेजारी वर्तक सरांनी एकदम मान वर केली. तोंड उघडलं.

मी त्यांच्या नव्या चपलेवर पाय दिला, आणि तसाच ठेवला.